वाचक विचारतात : वादळाची बातमी येते कुठून?

गेल्या अंकात मी मे महिन्यातल्या वादळांबद्दल लिहिलं होतं : इशारा आला की होडी कुठवर ओढून ठेवावी, कौलं कशी तपासावीत, एवढंच. पत्रं मात्र वेगळ्याच अंगाने आली. इशारा देतो कोण, त्याला हे कळतं कसं आणि त्यावर विश्वास का ठेवायचा, असा बहुतेकांचा सूर आहे. माझी सगळी नोकरी समुद्राची पातळी मोजणारी यंत्रं सांभाळण्यात गेली, त्यामुळे असे प्रश्न मला आवडतात. काही पत्रांत राग आहे. तो कापला नाही.

बाई, हवामान खात्याने सांगितलं म्हणून ट्रॉलर धक्क्याला बांधून ठेवायचे आणि समुद्र अगदी शांत, असं किती वेळा झालं. बर्फ वितळला, खलाशांना बसून जेवण घातलं, ते पैसे कोण देणार? टीव्हीवर सांगतात की युरोप-अमेरिकेचे उपग्रह आहेत, जगभरचे शास्त्रज्ञ आहेत. तरी अंदाज चुकतोच कसा?
— ट्रॉलरमालक, शापोरा

तुमचं नुकसान खरं आहे, ते आधीच मान्य करते. आता 'चुकतो' याबद्दल. वादळाचा मार्ग शंभर किलोमीटर पश्चिमेला सरकला, तर नकाशावर ते बोटाच्या पेराएवढंही दिसत नाही. शापोऱ्याच्या धक्क्यावर मात्र तोच वादळ आणि शांत समुद्र यांच्यातला फरक असतो. मे २०२१चं तौक्ते आठवा. ते गोव्यात धडकणार असं कोणी म्हटलंच नव्हतं. किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्रात जमिनीवर चढलं. तरी जाता जाता त्याने आमच्याकडे झाडं पाडली, विजेच्या तारा तोडल्या आणि कित्येक वाड्यांवर दिवसच्या दिवस अंधार केला. त्या वेळी 'गोव्याला धोका नाही, बिनधास्त जा' असा निरोप आला असता, तर तुम्ही मला आज कसलं पत्र लिहिलं असतं?

आणि परदेशी उपग्रहांचं म्हणाल, तर त्यांची मोजमापं वेगळी आणि आपली वेगळी असं नसतंच. सगळी केंद्रं एकाच विहिरीचं पाणी काढतात. रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पणजीहून हवामानाचा फुगा वर सोडतात. त्याच वेळी मुंबईत सोडतात, मस्कतमध्येही सोडतात. जगभर घड्याळ एकच धरलेलं असतं, म्हणजे सगळ्या आकाशाचं एका क्षणाचं चित्र मिळतं. वरून आपला इन्सॅट बघतो, युरोपचा मेटिओसॅट बघतो. पण उपग्रहाला समुद्राची नुसती कातडी दिसते. वादळाला जोर मिळतो तो पाणी किती खोलवर गरम आहे यावर, आणि ते आर्गो नावाचे तरंगक सांगतात. माणसाच्या उंचीची ही नळकांडी २,००० मीटर खाली जातात, दहा दिवसांनी वर येतात, येता येता तापमान आणि क्षार मोजतात आणि उपग्रहाकडे निरोप देऊन पुन्हा बुडी मारतात. जगभरच्या समुद्रांत अशी चार हजारांच्या आसपास आहेत. कोणी सोडली हे महत्त्वाचं नाही. माहिती साधारण दिवसभरात सगळ्यांना खुली होते, तुम्हालाही. अरबी समुद्रातली सगळी मोजमापं एकट्या भारताने करायची म्हटली, तर ते परवडणारंही नाही आणि पुरणारंही नाही.

हे सगळं जिथे एकत्र होतं, त्या वादळांच्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक दिल्लीला, आपल्या हवामान खात्यात आहे. तिथलं पत्रक ओमानला जातं, येमेनला जातं, पाकिस्तानलाही जातं.

तुमच्या तक्रारीचा उरलेला भाग विज्ञानाचा नाही, सरकारचा आहे. बंदीच्या दिवसांची भरपाई मिळावी की नाही, किती मिळावी, हे संघटनेने भांडून घ्यावं. मी तुमच्या बाजूने आहे. मात्र अंदाजाच्या नावाने खडे फोडण्याआधी नोव्हेंबर-डिसेंबर २०१७चं ओखी वादळ आठवा. ते कन्याकुमारीजवळ काही तासांत तापलं, केरळ-तमिळनाडूच्या होड्या आधीच खोल समुद्रात होत्या, मोबाइलचा टॉवर तिथे पोचत नव्हता. कितीतरी माणसं परतली नाहीत. आमच्याकडे मोरजी-मांद्रे-केरीच्या शॅकमध्ये पाणी घुसलं, तेवढ्यावर निभावलं. त्यानंतर, २०१९मध्ये, उपग्रहावरून इशारा घेणारं 'जेमिनी' नावाचं छोटं यंत्र मच्छीमारांसाठी आलं. टॉवर नसला तरी चालतं. तुमच्या ट्रॉलरवर ते आहे का? नसेल तर बर्फाच्या हिशेबाआधी तो हिशेब करा. तौक्तेच्या वेळी मुंबईसमोर पी ३०५ ही बार्ज बुडाली आणि साठाहून अधिक माणसं गेली. इशारा तेव्हाही आलेला होता.

वादळांना पाकिस्तान नाव का देतं? आमच्या वर्गात यावरून भांडण झालं.
— इयत्ता आठवी, डिचोली

कारण पाकिस्तानही याच समुद्राच्या काठावर आहे. तेरा देशांनी प्रत्येकी १३ नावं दिली, १६९ नावांची यादी २०२०मध्ये जाहीर झाली आणि वादळ जन्मलं की ओळीने पुढचं नाव लागतं. ऑगस्ट २०२४च्या शेवटी कच्छजवळ आलेल्या 'असना'ची पाळी पाकिस्तानची होती, २०२३च्या 'बिपरजॉय'ची बांगलादेशाची. भारताची पाळी आली की आपलं नाव कराचीच्या वर्तमानपत्रात छापून येतं. नावं देणाऱ्या या देशांचं मंडळ १९७२चं आहे. त्याआधी दोन वर्षं, १९७०मध्ये, आजच्या बांगलादेशात एका वादळाने तीन लाखांहून जास्त माणसं मारली होती. नावांची गंमत नंतरची. मंडळ निघालं ते या मरणांमुळे. भांडणात तुझी बाजू कोणती होती ते लिहिलं नाहीस!

२००४च्या त्सुनामीने गोव्याला हात लावला नाही. मग आमच्या शाळेत त्सुनामीची कवायत कशाला? गोवा श्रीपरशुरामाची भूमी आहे, समुद्र आमच्यावर चालून येत नाही.
— निवृत्त शिक्षक, फोंडा

गुरुजी, बाणाची गोष्ट मलाही प्रिय आहे. पण २६ डिसेंबर २००४ची लाट गोव्यात आली नाही हे खरं नाही. मुरगाव बंदरातल्या भरती-ओहोटीच्या मापकावर तिची नोंद झाली. श्रीलंकेला वळसा घालून ती केरळात शिरली आणि एकट्या कोल्लम जिल्ह्यात शंभराहून जास्त लोक गेले. आमच्यापर्यंत येताना तिच्यात दम राहिला नव्हता, एवढंच.

मला खरी काळजी २००४ची लाट जिथून निघाली त्या सुमात्राची नाहीच, ती मकरानची. इराण आणि पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर समुद्रतळाचा एक पट्टा दुसऱ्याखाली सरकतो आहे. २८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची लाट मुंबईपर्यंत आली आणि मुंबईतही माणसं दगावली. गोव्यासाठी हिशेब मांडू या. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. अरबी समुद्र मध्यावर सुमारे ३,००० मीटर धरला तर वेग ताशी ६०० किलोमीटरच्या आसपास येतो. पाकिस्तानच्या किनाऱ्यावरचं पस्नी ते गोवा अंतर साधारण १,५०० किलोमीटर. आमच्यासमोरच्या उथळ पट्ट्यात लाट मंदावते. सगळं मिळून तीन-चार तास.

हे तीन-चार तास हाच सगळा प्रश्न आहे. भूकंप इतका दूर की फोंड्यातच काय, मिरामारलाही पायाखाली काही जाणवणार नाही. जमीन हलली की उंचावर पळा, हा अंदमानात उपयोगी पडणारा नियम इथे कुचकामी. आम्हाला दुसऱ्या कोणीतरी सांगावंच लागेल. २००४मध्ये भूकंप सकाळी साडेसहाला झाला आणि लाट चेन्नईला नऊच्या सुमारास पोचली. मधल्या वेळात सांगणारी व्यवस्थाच हिंदी महासागरात नव्हती. ती नंतर युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने उभी केली. सुरुवातीची काही वर्षं हवाई बेटांवरचं केंद्र आणि जपान आपल्याला निरोप देत होते. हैदराबादचं केंद्र ऑक्टोबर २००७मध्ये सुरू झालं आणि आता भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया मिळून सगळ्या महासागराला इशारे देतात. इराण, ओमान, पाकिस्तान हेही त्याच व्यवस्थेचे सदस्य. दोन देशांचे राजदूत एकमेकांशी बोलत नसले तरी इशारा पोचलाच पाहिजे, हे तत्त्व आहे. मला विचाराल तर शांततेच्या परिषदांपेक्षा याचा भरवसा जास्त वाटतो.

यात गोव्याचाही वाटा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. १९६०च्या दशकात अनेक देशांच्या जहाजांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली, आपली आयएनएस किस्तना त्यात होती. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली, जी आज दोनापावलाला आहे. आणि १२ सप्टेंबर २००७ला सुमात्राजवळ ८.४चा भूकंप झाला तेव्हा वेरेंच्या जेटीवरच्या आणि लक्षद्वीपातल्या कवरत्तीच्या मापकांनी ती छोटी त्सुनामी टिपली आणि इंटरनेटवर तिथल्या तिथे दाखवली. म्हणजे जगातला कुठलाही शास्त्रज्ञ मांडवीचं पाणी कसं हलतंय ते खुर्चीत बसून पाहू शकत होता. असल्या जेट्यांवर शेवाळ-शिंपले खरवडत मी उन्हात उभी राहिले आहे, तेव्हा हा अभिमान थोडा मलाही घेऊ द्या.

कवायत करा, गुरुजी. २०१८च्या आंतरराष्ट्रीय तालमीत मकरानचाही भूकंप कल्पिला होता. मुलांना दोनच गोष्टी पाठ करून घ्या : पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही, आणि समुद्र आटला तर शंख वेचायला खाली धावायचं नाही.

वारा नाही, पाऊस नाही, आभाळ निरभ्र, आणि दुपारी पाणी थेट आमच्या माडांपर्यंत आलं. सासूबाई म्हणतात देवाचा कोप. तुम्ही काय म्हणता?
— गृहिणी, पाळोळे, काणकोण

सासूबाईंना सांगा, कोप झाला तो अंटार्क्टिकाच्या बाजूला, पाच-सात दिवसांपूर्वी. तिथल्या प्रचंड वादळांनी उठवलेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर जवळजवळ न थकता चालत येतात. भरतीच्या वेळेला गाठ पडली की पाणी वर चढतं. केरळात याला कळ्ळक्कडल म्हणतात आणि तिथे हे आमच्यापेक्षा खूप जास्त होतं. पूर्वी याचा अंदाज देणं जवळजवळ अशक्य होतं, कारण त्या दक्षिणेच्या समुद्रात मोजायला कोण जाणार? आता उपग्रहावरून लाटांची उंची मोजतात. भारत आणि फ्रान्सने मिळून बनवलेला सरल हा उपग्रह समुद्राची पातळी आणि लाटा मोजायला २०१३मध्ये सोडला होता. हैदराबादचं केंद्र आता उधाणाचा इशारा आधी देतं. त्यात 'स्वेल' किंवा 'उधाण' हा शब्द दिसला की आभाळाकडे बघू नका. होडी आणि वाळत घातलेलं नुस्तं (मासळी) वर घ्या.

मोबाइल एकदम भोंग्यासारखा वाजला, आजी घाबरून पडता पडता वाचली. हे बंद कसं करायचं?
— म्हापसा

बंद करू नका. ते एका भागातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी इशारा पोचवण्याचं तंत्र आहे. २०२३मध्ये त्याच्या चाचण्या सुरू झाल्या. आजीला एकदा वाजवून दाखवा, मग घाबरायची नाही.

आंतरराष्ट्रीय करार आमच्या टेबलावर येत नाहीत. पंचायतीने नेमकं करायचं काय?
— पंच सदस्य, तिसवाडी

करार आहेत : आपत्तींची हानी कमी करण्यासाठीचा २०१५चा सेंदाईचा आराखडा, आणि २०२७ अखेर जगातल्या प्रत्येकाला इशारा मिळावा हा संयुक्त राष्ट्रांचा २०२२चा संकल्प. त्यांच्या प्रती मागवून कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. ओडिशातली वेंकटरायपूर आणि नोलियासाही ही दोन गावं बघा. युनेस्कोच्या आयोगाने २०२०मध्ये त्यांना 'त्सुनामीसाठी सज्ज' म्हणून मान्यता दिली. त्यासाठी त्यांनी नकाशे काढले, पळायच्या वाटांवर पाट्या लावल्या, तालमी घेतल्या. तुम्हीही नकाशापासून सुरुवात करा. मात्र तो सल्लागाराला पैसे देऊन करवून घेऊ नका. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, कुठल्या बांधावरून पाणी आधी चढतं, कुठल्या मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) फळी कुजली आहे, हे ती राखणाऱ्याला ठाऊक असतं. तौक्तेच्या रात्री कुठला रस्ता झाडांनी अडला ते विजेच्या लाइनमनला विचारा. अंथरुणाला खिळलेली माणसं कोणत्या घरांत आहेत ते आरोग्यसेविका सांगेल. भरतीचं कोष्टक पंचायतीच्या फळ्यावर लावा. हैदराबादहून इशारा आला तर रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार आणि त्याने कोणत्या तिघांना उठवायचं, ही नावं पुढच्या ग्रामसभेत ठरवून घ्या आणि त्यांचे नंबर दर चवथीआधी एकदा लावून बघा. निम्मे बदललेले निघतात.