नाशिक ढोलच्या अंकाचं मुखपृष्ठ

अरे, तुझ्या मुखपृष्ठाची डमी, म्हणजे छपाईआधीचा नमुना, पाहिली. ढोल, सतार, माइक, गिटार, सगळंच एका पानावर? मग अंक नेमका कुणासाठी? ‘केरँग!’ हे १९८१ साली सुरू झालेलं ब्रिटिश मासिक बघ. नाव गिटारच्या खणखणाटावरून, अक्षरं तडे गेल्यासारखी. रॉकवेड्या पोराला वाचायच्या आधीच कळतं, हे आपलं आहे. तुझा वाचक ढोल वाजवणारा ना? मग वादकाचा चेहरा जवळून घे, घामासकट, नजर थेट बघणाऱ्याकडे. मासिकाचं नाव वरच ठेव. स्टॉलवर अंक एकावर एक लावले की खालचा भाग झाकला जातो. मथळे तीनच पुरेत. छपाईआधी सीबीएस बस स्थानकाजवळच्या एखाद्या स्टॉलवर डमी ठेवून सहा पावलांवरून बघ. पिवळ्यावरचा तो भगवा मजकूर मला हातात धरूनही वाचता आला नाही.