जुनी वस्तू घ्यायला गेल्यावर दारात उभं राहून भाव कमी करायला सांगणं बरोबर आहे का?

नाही, माझ्या मते अजिबात नाही. घासाघीस काय करायची ती चॅटवरच करून घ्या, एकदा आकडा ठरला की ठरला, कारण समोरच्याने तुमच्या शब्दावर बाकीच्या लोकांना नाही म्हटलेलं असतं. हां, न सांगितलेला दोष निघाला तर मात्र तिथल्या तिथे बोला, त्यात लाजायचं काही नाही. मी सायकल विकली तेव्हा मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटलेत त्याचा जवळून फोटो काढून आधीच पाठवला होता, घेणारा आला, चाक फिरवून बघितलं, ठरलेले पैसे दिले आणि घेऊन गेला, वाद नाही काही नाही.

फोन घेत असाल तर स्टार हॅश ०६ हॅश डायल करून येणारा १५ अंकी आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) बिलावरच्या नंबराशी जुळवून बघा आणि विकणाऱ्याने आपलं अकाउंट तुमच्यासमोरच काढून रिसेट करून द्यावं, ह्यात कोणी अपमान मानू नये.

आणि विचार बदलला तर सरळ 'नको' म्हणून कळवा हो, 'उद्या येतो' म्हणून गायब झालात की समोरचा माणूस अर्धा दिवस वाट बघत घरात अडकून बसतो.