सूत, सुई आणि सवड

या अंकातील प्रश्नोत्तरांसाठी हातकताई, विणकाम आणि धाग्याची इतर घरगुती कामे हा विषय दिला होता. बहुतेक पत्रे नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: शाळेत मूलोद्योगाच्या तासाला आम्ही टकळीवर सूत कातत असू. निवृत्तीनंतर ते पुन्हा करावेसे वाटले, म्हणून औषधांच्या दुकानातून कापूस आणला. परंतु सूत सारखे तुटते आणि टकळी खाली पडते. हाताची सवय गेली असेल का? त्यापेक्षा सरळ चरखाच घ्यावा का?
— निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

उत्तर: हाताची सवय सहसा जात नाही, दोष कापसाचा आहे. औषधांच्या दुकानातील कापूस ओल चटकन शोषून घ्यावा म्हणून तयार केलेला असतो. त्यासाठी तो क्षाराच्या पाण्यात उकळून आणि विरंजन करून त्याच्या तंतूंवरचे नैसर्गिक मेण काढून टाकलेले असते, आणि त्यात आखूड तंतूही बरेच असतात. कातताना तंतू एकमेकांवरून सरकावे लागतात आणि ते सरकणे हे मेणच सुकर करते. ते नसले की तंतू अडकतात, एकदम झुबक्याने बाहेर येतात आणि दोन झुबक्यांमधला विरळ भाग तुटतो. तेव्हा पिंजून वळलेले पेळूच, म्हणजे कातण्यासाठी तयार केलेल्या कापसाच्या सैल गुंडाळ्याच, मिळवावेत. ते न मिळाल्यास सरकीसकट कापूस आणून सरकी हाताने वेगळी करावी, कापूस बोटांनी मोकळा करावा आणि एखाद्या काडीभोवती सैलसर गुंडाळून काडी काढून घ्यावी. यात एक अख्खी दुपार जाते, हे खरे. पण आपल्या हातांनी मोकळ्या केलेल्या कापसाचा पेळू जितका आज्ञाधारकपणे चालतो तितका विकतचा क्वचितच चालतो.

टकळी पडते, याचे कारण वेगळे आहे. कापसाचा तंतू आखूड असतो. आपल्याकडच्या चांगल्या लांब धाग्याच्या कापसाचाही तंतू तीन सेंटिमीटरच्या आसपासच असतो. अधांतरी लोंबणाऱ्या टकळीचे वजन लोकरीचा लांब तंतू सहज पेलतो, तर कापसाच्या बारीक सुताला ते झेपत नाही. म्हणून टकळीचे टोक एखाद्या गुळगुळीत वाटीत किंवा करवंटीत टेकवून फिरवावे. वजन वाटीवर जाते आणि सुताला फक्त पीळ मिळतो. एवढ्या एका बदलाने तुटण्याचे प्रमाण बरेच कमी झालेले आपल्याला आढळेल.

यानंतरही सूत तुटले तर तुटलेले टोक पाहावे. तंतू एकमेकांपासून अलगद सुटून आले असतील तर पीळ कमी पडला आहे, आणि सूत ताठ होऊन त्याच्या गाठी वळू लागल्या असतील तर पीळ जास्त झाला आहे. पीळ नेहमी बारीक भागाकडे आधी धाव घेतो आणि जाड भाग मऊ राहतो. सुतात जाड भाग आला म्हणून लगेच तोडू नये. पेळूचा हात किंचित मागे घेतला की तोच मऊ भाग ताणला जाऊन एकसारखा होतो. ही युक्ती बोटांना एकदा उमगली की कातण्याची खरी गोडी लागते, असे माझे मत आहे. तोपर्यंत ते नुसते तुटलेले सूत जोडण्याचे काम असते.

नाशिकच्या हवेचाही यात वाटा आहे. कोरड्या हवेत कापसाचे सूत ठिसूळ होते. ओलावा मिळाला की ते बळकट होते, आणि म्हणूनच गिरण्यांच्या कताई खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात. आपल्याकडे थंडीच्या उत्तरार्धापासून उन्हाळाभर हवा कोरडी असते. त्या दिवसांत पेळू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, डब्यात ओलसर फडक्याची छोटी घडी पेळूंना न लागेल अशी ठेवावी, पंखा बंद करावा आणि शक्यतो सकाळी लवकर कातावे. पावसाळ्यात यातले काही करावे लागत नाही. त्या दिवसांत पेळूंना बुरशी लागू नये एवढीच काळजी पुरते.

चरख्याविषयी सांगायचे तर तो अवश्य घ्यावा, पण टकळी पुरेशी हाती बसल्यावर. गांधीजी येरवड्याच्या कारागृहात असताना पेटी चरख्यात ज्या सुधारणा झाल्या, त्यांमुळे तो पुस्तकासारखा मिटून कडेवर नेता येईल इतका सुटसुटीत झाला आणि त्याला येरवडा चरखा हे नावही मिळाले. त्यावर वेग अधिक मिळतो. परंतु एका हाताने चाक आणि दुसऱ्याने पेळू सांभाळायचा असल्यामुळे ज्याला पिळाचा अंदाज नाही त्याची त्रेधा उडते. त्र्यंबक रस्त्यावर खादी व ग्रामोद्योग आयोगाची प्रशिक्षण संस्था आहे. तेथे कताईचा वर्ग कधी असतो, याची चौकशी करून पाहावी.

प्रश्न: रोज अर्धा तास कातले तर वर्षभरात एका सदऱ्यापुरते कापड होईल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: हिशेब आधीच करून पाहिलेला बरा. अडीच मीटर लांब आणि नव्वद सेंटिमीटर पन्ह्याचे कापड घ्या, आणि सेंटिमीटरला वीस ताणे (उभे धागे) व वीस बाणे (आडवे धागे) धरा. ताण्याचे अठराशे धागे, प्रत्येकी अडीच मीटर, म्हणजे साडेचार हजार मीटर, बाण्यालाही तितकेच. एकूण नऊ किलोमीटर सूत झाले. खादीच्या व्यवहारात हजार मीटरची एक गुंडी धरतात, त्या मापाने नऊ गुंड्या. आणि मागावर वाया जाणारे सूत वेगळे. चरख्यावर हात बसलेल्या माणसाला हे वर्षभरात अशक्य नाही, परंतु खरी अडचण पुढे येते. ताण्याला लागणारे सूत एकसारखे आणि दमदार असावे लागते, आणि नवशिक्याचे असे थोडेसे सूत मागावर चढवून देणारा विणकर शोधणे सोपे नाही.

म्हणून पहिल्या वर्षी कापडाचे स्वप्न बाजूला ठेवावे, असे मी सुचवेन. दोन धागे एकत्र करून, कातताना दिला त्याच्या उलट दिशेने पीळ द्यावा; असे दुपदरी सूत नवशिक्याचे असले तरी पुरेसे मजबूत होते. त्याची लड चिमूटभर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळावी. पाणी तपकिरी होते, ते पाहून घाबरू नये, कारण ते कापसाचे मेण असते. वाळल्यावर त्या सुताने क्रोशावर हातपुसणे, भांडी धरायचे फडके किंवा तांब्याखालची चकती करावी. पाणी टिपण्यात ती कोणत्याही विकतच्या वस्तूपेक्षा सरस ठरते, आणि आपले सूत रोज आपल्याच हाताखाली येते. विक्रीचा विचार करणाऱ्या तीन पत्रांनाही हेच उत्तर लागू आहे. लागलेल्या वेळाची मजुरी धरली तर हातसुताचा दर कोणत्याही गिऱ्हाइकाला सांगण्याजोगा राहत नाही, आणि धरली नाही तर व्यवसाय कसला?

प्रश्न: नाशिकची थंडी दोन-अडीच महिन्यांची. स्वेटर विणून होईपर्यंत ती संपते. मग येथे विणावे तरी काय? शिवाय सुयांचे क्रमांक गोंधळात टाकतात.
— एक गृहिणी, निफाड

उत्तर: निफाडच्या वाचकाने थंडी थोडकी म्हणावी, याचे मला नवल वाटते! जेथे द्राक्षबागा वाचवण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, तेथे कानटोपी, मफलर आणि पायमोजे यांना गिऱ्हाईक घरातच असते. एक काळजी मात्र घ्यावी. बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा बहुतेक वेळा अॅक्रिलिकचा असतो. तो मऊ, स्वस्त आणि धुण्यास सोपा असला, तरी आगीच्या धगीने वितळतो आणि अंगाला चिकटतो. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही, आणि ज्योत दूर झाली की बहुधा आपोआप विझते. ज्याला रात्री शेकोटीजवळ बसायचे आहे त्याची कानटोपी खऱ्या लोकरीचीच विणावी.

उरलेल्या दहा महिन्यांसाठी सुती धागा आहे. बाळाची कुंची, बिनबाह्यांचे जाकीट, पिशवी, ओढणीची किनार, असे कितीतरी त्यात होते. सुती धाग्याला लोकरीसारखा लवचीकपणा नसतो, त्यामुळे विणलेला कपडा वापरून सैल पडतो. यावर उपाय म्हणजे नेहमीपेक्षा एक क्रमांक बारीक सुई वापरणे आणि कपड्याच्या कडांना एक सुलट एक उलट अशी वीण घालणे. तान्ह्या मुलाच्या कपड्यात मोठी जाळी टाळावी, बोटे अडकतात.

सुयांच्या क्रमांकांविषयी: आपल्याकडे अजून जुनी ब्रिटिश पद्धत चालते, आणि तिच्यात क्रमांक वाढला की सुई बारीक होते. आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची, दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटरची आणि बारा नंबरची पावणेतीन मिलिमीटरची असते. परदेशी नमुना पाहून विणताना क्रमांक विसरून मिलिमीटरच पाहावेत. आणि दहा सेंटिमीटरचा चौकोन आधी विणून त्यातील टाके मोजण्याचा कंटाळा कितीही आला, तरी तो करावा. पूर्ण कपडा उसवण्याचा कंटाळा त्याहून मोठा असतो.

प्रश्न: मी पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला ये-जा करतो. गाडीत क्रोशाचे काम करावेसे वाटते, पण पुरुषाने असे बसून विणले तर लोक हसतील, ही भीती आहे.
— नोकरदार, इंदिरानगर

उत्तर: हसणारे चार दिवस हसतील आणि पाचव्या दिवशी नातवासाठी टोपी मागतील. येवल्यात पैठणीच्या मागावर पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बसत आले आहेत, हिमाचलातील गद्दी मेंढपाळ चालता चालता टकळीवर लोकर कातत आले आहेत आणि विनोबांच्या दिनक्रमात सूतकताईला नेमाचे स्थान होते. तेव्हा प्रश्न लाजेचा नसून जागेचा आहे. गर्दीच्या डब्यात लांब सुया शेजाऱ्याच्या बरगडीत जातात. म्हणून क्रोशाची निवड योग्यच आहे. त्यात एका वेळी एकच टाका मोकळा असतो, त्यामुळे गाडीने हिसका दिला तरी काम उसवत नाही. साखळी आणि खांब या साध्या टाक्यांच्या पलीकडे न जाणारे, ओळी मोजाव्या न लागणारे काम गाडीसाठी ठेवावे, आणि दोऱ्याचा गुंडा पिशवीबाहेर काढू नये.

प्रश्न: आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पूर्वी सुंदर विणायची. आता बोटे दुखतात म्हणून तिने सगळे सोडले आणि ती फार गप्प झाली आहे. विणकामाने मनाला बरे वाटते असे वाचले. तिला पुन्हा सुरू करायला लावावे का?
— एक वाचक, सिडको

उत्तर: लावू नये, तिच्या हाताशी ठेवावे. प्रथम बोटे डॉक्टरांना दाखवून दुखण्याचे कारण समजून घ्यावे, कारण काही दुखण्यांत बोटांची हालचाल उपकारक असते आणि काहींत विश्रांती. गप्प होण्याविषयीही त्यांना अवश्य सांगावे. ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या एका नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांनी आपले अनुभव कळवले होते, आणि जे वारंवार विणतात त्यांना अधिक शांत व आनंदी वाटते, असे त्यात दिसले होते. परंतु ही सर्व मंडळी आधीपासून विणकामावर प्रेम करणारी होती. त्यामुळे या निष्कर्षाला औषधाच्या चिठ्ठीचा मान देता येणार नाही.

बारीक सुयांऐवजी जाड मुठीची क्रोशाची सुई आणि जाडसर धागा द्यावा, कामाला थोडक्या वेळाची मर्यादा घालावी. तेही जड गेले तर वातींचा कापूस समोर ठेवावा. फुलवाती, समईच्या लांब वाती, कापसाची वस्त्रे हीदेखील धाग्याचीच कामे आहेत, आणि चातुर्मासात लक्षवातींचा संकल्प सोडणाऱ्या बायकांनी त्यांत आयुष्यभराचे कसब मिळवलेले असते. त्यांना ताकद लागत नाही, चष्म्याचा नंबर आड येत नाही आणि शेजारणीशी बोलता बोलता ती होतात. तयार वाती घरातल्या देवापुढे त्याच संध्याकाळी लागल्या, तर आपण दिलेले काम वेळ घालवण्याचे आहे असे आईला वाटणार नाही. तिला कोणी शिकणारे मिळाले, तर अधिकच उत्तम.

प्रश्न: आमच्या शेताजवळ धनगरांच्या मेंढ्या बसतात. कातरलेली लोकर ते द्यायला तयार आहेत. तिचे घरी काही करता येईल का?
— शेतकरी कुटुंब, सिन्नर

उत्तर: येईल, मात्र ती फुकट घेऊ नये. दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि रंगीत असते, काळ्या-करड्या छटांची. तिचा स्वेटर अंगाला टोचेल. ती घोंगडीची लोकर आहे आणि तिला तेच शोभते. घरी करायचे तर बसण्याचे आसन, पायपुसणे किंवा जाड पिशवी करावी.

काडी-कचरा आणि गोखरू हाताने निवडून टाकावे. कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून लोकर त्यात नुसती बुडवून ठेवावी. चोळू नये, पिळू नये आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नये. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि घर्षण एकत्र आले की ते एकमेकांत अडकून लोकरीचा नमदा, म्हणजे घट्ट जाड थर, होतो आणि मग ती कातता येत नाही. सावलीत वाळवून, बोटांनी मोकळी करून ती टकळीवर कातावी. येथे टकळी अधांतरी सोडली तरी चालते, कारण तंतूंची पकड चांगली असते. पहिले सूत जाडच ठेवावे.

साठवणीत कसर लागण्याचा धोका मोठा आहे. न धुतलेली लोकर घरात ठेवूच नये. धुतलेली कडकडीत उन्हात तापवून, झाडून, घट्ट बंद पिशवीत ठेवावी आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा बाहेर काढून पाहावी. कडुनिंबाचा पाला घालण्याची पद्धत चांगली आहे, पण केवळ त्यावर विसंबू नये. अळीला अंधार आणि निवांतपणा आवडतो, म्हणून पिशवी अधूनमधून हलवणे अधिक उपयोगी पडते. मेंढ्यांची कातरणी वर्षातून साधारण दोनदा होते. तेव्हा एका कातरणीची लोकर पुढच्या कातरणीपूर्वी संपेल, एवढीच घ्यावी.