‘मॅडम, माझं डोकंच चालेनासं झालंय’

हिंजवडीहून तो थेट आला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. (तपशील बदलून लिहितेय.) वय ३४. नऊ वर्षं जावास्क्रिप्ट या भाषेत कोड लिहिलेला, आणि तीन महिन्यांपूर्वी रस्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या टीममध्ये बदली. झोप उडालेली. पण लागलं होतं ते वेगळंच: शेजारची चोविशीतली मुलगी तेच काम भराभर उरकत होती. “वय झालं का हो माझं?”

हा प्रश्न हल्ली फार येतो. समुपदेशनात येण्याआधी मी स्वतः कोड लिहायचे, म्हणून म्हटलं, पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन या. एरवी मी असं करत नाही.

त्याने एक असिंक फंक्शन दाखवलं, म्हणजे ज्याचं काम मध्ये थांबून नंतर पुढे चालू राहू शकतं असा कोडचा तुकडा. ते कॉल केलेलं होतं, पण डेटाबेसात नोंद पडतच नव्हती. दोन दिवस तो डेटाबेसवर संशय घेत बसला होता. चूक एवढीच, की पुढे ‘अवेट’, म्हणजे ‘निकाल येईपर्यंत थांब’ ही सूचना, नव्हती. जावास्क्रिप्टमध्ये असं फंक्शन बोलावलं की काम सुरू होतं, अवेट लावा किंवा लावू नका. रस्टमध्ये मात्र हाती येतं ते फ्युचर, म्हणजे अजून न झालेलं काम; ते कुणी अवेट केल्याशिवाय किंवा चालवायला दिल्याशिवाय जागचं हलत नाही. म्हणजे नडला होता तो अनुभव. त्या मुलीला विसरायला काही नव्हतंच.

“कंपायलरने इशारा दिला असेल की.” (कोड तपासून तो चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर.)

“मॅडम, इशारे दीडशे आहेत.”

आम्ही दोघंही हसलो. तीन महिन्यांत पहिल्यांदाच हसलो, म्हणाला.

दुसरी चूक लाल अक्षरांतली. रस्टच्या नेहमीच्या म्युटेक्सचं लॉक (डेटाला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून असतं ते) हातात धरूनच अवेट केलेलं. टोकियो, म्हणजे रस्टमधली असिंक कामं चालवणारी लायब्ररी, ते काम मध्येच दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे शेजारी चालणाऱ्या कामाच्या दुसऱ्या धाग्यावर, नेऊ शकते, आणि हे लॉक तसं नेता येत नाही. म्हणून कंपायलर अडून बसला. लॉकच्या ओळींभोवती महिरपी कंस घातला, अवेट बाहेर ठेवलं, आणि चूक गेली. यात मालकीचे नियम (कोणता डेटा कुणाच्या ताब्यात, आणि कधीपर्यंत) आले, थ्रेड आले, असिंक आलं. तो मात्र सगळं एकाच खात्यावर टाकत होता: ‘मला असिंक जमत नाही.’

मी सांगितलं, असिंक-अवेट रस्टमध्ये स्थिरावलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. ट्रेटमध्ये, म्हणजे अनेक प्रकारांनी पाळायच्या फंक्शनांच्या यादीत, असिंक फंक्शन लिहायची सोय यायला डिसेंबर २०२३ उजाडला. तो बराच वेळ गप्प बसला. “म्हणजे भाषेलाही वेळ लागला.”

झोपेसाठी डॉक्टरांकडे पाठवलंच. रात्री नऊनंतर ऑफिसचा कोड बंद. रोज अर्धा तास साधं, असिंक नसलेलं रस्ट. आणि एक वही: आलेली प्रत्येक चूक लिहायची, पुढे तिचं खातं.

तिसऱ्या आठवड्यात वही माझ्यासमोर आली. सतरा चुका. मालकी अकरा, थ्रेड चार, असिंक दोन.

“मग मी इतके दिवस रडत कशावर होतो?” असं म्हणत त्याने वही परत मागितली. अठरावी त्याच दुपारी आली होती, लिहायची राहिली होती.