हॉटेलचं बिल सहानं भागायच्या आधी मळ्यातली वर्गणी आठव

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नवीन नोकरी, सहाजणांचा ग्रुप, दर शुक्रवारी मटण थाळी. त्यात तू आणि आणखी एकजण व्हेज. बिल आलं की कोणतरी म्हणतो, "चला, सहानं भागा." बोललास तर चिकट ठरणार आणि गप्प बसलास तर पाकीट रिकामं. (श्रावणात तुला हा प्रश्न पडला नसणार, तेव्हा सगळेच व्हेज.)

मी या टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. आमच्या ग्रुपात "सहानं भागा" म्हणणारा मीच होतो आणि एक्स्ट्रा सुक्याची प्लेट सांगणाराही मीच. आमच्यातला एक मित्र माळकरी घरातला. बिल आलं की तो बडीशेपेच्या ताटलीत बोट फिरवत बसायचा. खडीसाखर एका बाजूला, बडीशेप एका बाजूला. आकडा सांगितला की काही न बोलता नोटा काढून द्यायचा. मग हळूहळू त्याच्याकडं पाहुणे यायला लागले, कधी पोट बिघडायला लागलं. वर्षभरानं वहिनींनी आमच्या हिला सहज बोलता बोलता सांगितलं, तेव्हा मला कळलं. तोवर मी "अलीकडं लई भाव खातोय" म्हणून त्यालाच नावं ठेवत होतो. म्हणून सांगतो, तुझ्या टेबलावरचे चौघं लबाड असतील असं नाही. पोट भरलेल्या माणसाला हिशेब सुचत नाही, एवढंच.

आता आकडे बघ. दर मी समजायला सोपे धरतोय. मटण थाळ्या चार, ४०० प्रमाणे १६००. व्हेज थाळ्या दोन, २०० प्रमाणे ४००. सुक्याच्या एक्स्ट्रा प्लेटा दोन, ६००. पाण्याच्या बाटल्या नि सोलकढी मिळून १००. झाले २७००, त्यावर ५ टक्के जीएसटी १३५, एकूण २८३५. सहानं भागलं तर प्रत्येकी साडेचारशेच्या वर, नेमके ४७२ रुपये ५० पैसे. आता मटणाचं मटणवाल्यांत, व्हेजचं व्हेजवाल्यांत आणि पाणी-सोलकढी सगळ्यांत वाटून बघ. तुझे होतात २२७ रुपये ५० पैसे, त्यांचे ५९५. म्हणजे एका जेवणाला तू २४५ रुपये दुसऱ्याच्या ताटात वाढतोस. चार शुक्रवारचे ९८०. नवीन नोकरीत ही रक्कम लहान नाही, आणि ती मागायला लाजायचं कारण नाही.

यात खरा घोळ थाळीचा नसतो, एक्स्ट्रा प्लेटेचा असतो. तांबडा-पांढरा बहुतेक ठिकाणी हवा तेवढा वाढतात, पण मटणाची प्लेट मोजून येते. "अजून एक सुकं आण रे" हे बोलताना कुणाच्याच डोक्यात बिल नसतं. म्हणून भाकरी किती नि पापड किती असं मोजत बसू नकोस, तसं केलंस तर मात्र खरंच चिकट म्हणतील. मोठ्या तीन गोष्टी वेगळ्या काढ: मटण, दारू आणि एक्स्ट्रा प्लेटा. बाकी सगळं सहानं भागू दे, दहा-वीस रुपये इकडं तिकडं झाले तर सोडून दे.

आता बोलायचं कसं? आपल्याकडं आखाडात मळ्यावर रस्सा करतात तेव्हा काय होतं ते आठव. चूल पेटायच्या आधी वर्गणी गोळा होते. मटण किती किलो, माणसं किती, मसाला-तेल-लाकडं धरून डोई किती, हे ग्रुपवर आदल्या दिवशीच पडतं. मटण न खाणाऱ्याची वर्गणी कमी, हे कुणाला सांगावंही लागत नाही. तिथं कुणी लाजत नाही की कुणी कुणाला चिकट म्हणत नाही. तीच माणसं राजारामपुरीतल्या हॉटेलात एसीखाली बसली की हिशेबाला लाजतात. फरक इतकाच, की मळ्यात पैशाचं बोलणं जेवणाआधी होतं आणि हॉटेलात हात धुतल्यावर.

तेव्हा तूही आधी बोल. शुक्रवारी दुपारीच ग्रुपवर टाक: "आम्हा दोघांचं व्हेजचं बिल वेगळं घेऊया, म्हणजे तुम्ही सुकं बिनधास्त सांगा." एवढंच, कारणं देऊ नकोस. आणि ऑर्डर देतानाच वेटरला सांग, "दादा, दोन व्हेज थाळ्यांचं बिल वेगळं टाका." आधी सांगितलं तर काही अडचण नसते. बिल छापून आल्यावर तोडून मागितलं की गल्ल्यावरचा माणूस वैतागतो, आणि त्याचं चुकत नाही.

पिणारे असतील तर त्यांचं बिल वेगळंच हवं, इथं भीड नको. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट असतो, त्यामुळं सरसकट ५ टक्के लावून हिशेब जमतच नाही. चकणा मात्र सगळ्यांत धरा. न पिणाराच तो जास्त खातो, मी बघितलंय.

बिल एकदा वाचायची सवय लाव. जीएसटीच्या 'काँपोझिशन' योजनेतलं (लहान धंद्यांसाठीची सोपी योजना) हॉटेल असेल तर ते गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेऊ शकत नाही. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नाही, काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या.

एकानं सगळं बिल भरलं तर बाकीच्यांनी टेबलावरून उठायच्या आधी त्याला पाठवायचं. "नंतर देतो" म्हणजे गेलं. पूर्वी यूपीआयवर मित्राला पैशाची विनंती टाकता यायची, ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. आता क्यूआर पुढं करायचा नाहीतर तोंडानं मागायचं.

वाढदिवस असेल, कुणी नवी गाडी घेतली असेल, तर त्याची पार्टी. तिथं पाकीट काढूच नकोस, पण एक्स्ट्रा प्लेटही सांगू नकोस. बाहेरगावचा पाहुणा असेल तर त्याला सोडून भागायचं, त्याच्यासमोर हिशेब नको.

आमचा तो मित्र परत येतो की नाही विचारशील. मी एकदा घरी जाऊन "चुकलं माझं" म्हणालो, तो नुसता हसला. आता आमचा हिशेब त्याच्याकडंच असतो. मळ्यावर तो स्वतःसाठी अख्खा मसूर वेगळ्या पातेल्यात करायला लागला, आणि दरवेळी मटणवालेच पहिल्यांदा त्या पातेल्यावर पडायला लागले. दोन-तीनदा त्याला नुसत्या भाकरीवर भागवावं लागलं. गेल्या आखाडात त्यानं आम्हा सगळ्यांकडून मसूरची वेगळी वर्गणी घेतली, डोई तीस रुपये, चूल पेटायच्या आधी.