कॅनडाच्या थंडीत हायब्रिड गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून काय करावं?

बॅटरी म्हणजे कुठली? विनिपेगला नवीन आलात, जुनी टोयोटा प्रियस घेतलीत, डिसेंबरात महिनाभर भारतात जाणार आहात आणि कोणीतरी तुम्हाला मागच्या सीटमागच्या मोठ्या बॅटरीवर ब्लँकेट घालायला सांगितलंय, एवढं तुमच्या प्रश्नातून कळलं. ते ब्लँकेट स्वतः पांघरा. थंडीत मान टाकते ती जवळजवळ दरवेळी छोटी, १२ व्होल्टची बॅटरी, आणि बदनामी होते मोठीची. याच मुद्द्यावरून आमच्या घरी दर गणपतीत वाद होतो, म्हणून लिहायला बसले.

आम्ही एडमंटनला. प्रियस २०११ची. एका जानेवारीत पुण्याहून परत आलो, दुसऱ्या दिवशी पहाटे जेटलॅगमुळे जाग आली, म्हटलं दूध-ब्रेड घेऊन येऊ. बाहेर उणे तीसच्या आसपास, गॅरेजमध्ये त्या मानाने बरं, पण शून्याखालीच. गाडीचं दार बटणाने उघडेना. किल्लीच्या डबीतली लोखंडी किल्ली काढून उघडलं, बटण दाबलं, तर डॅशबोर्डवर दिवाळी. सगळे दिवे लुकलुकतायत, पुढून रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) टकटक, आणि गाडी चालायला तयार झाल्याचं सांगणारं ‘रेडी’ काही येत नाही.

माझे दीर कॅलगरीहून आदल्या रात्रीच आले होते (चितळ्यांची बाकरवडी न्यायला, दुसरं काय). भाऊजींकडे भलामोठा पिकअप ट्रक आहे आणि हायब्रिडवर त्यांचा पहिल्यापासून राग. गॅरेजच्या दारात चहाचा कप घेऊन उभे राहिले आणि निकाल देऊन मोकळे: “वहिनी, मोठी बॅटरी गेली. मी तेव्हाच म्हटलं होतं.” नवऱ्याने एका वर्कशॉपला फोन लावला, तर त्यांनी गाडी न बघताच सांगितलं, टो करून आणा, हायब्रिड पॅक बदलावा लागेल, काही हजार डॉलर धरून चाला. भाऊजींचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

माझ्या वडिलांचं सांगलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मीटर लावल्याशिवाय कुठल्याही यंत्राला मेलेलं म्हणायचं नाही, हे मी तिथे शिकले. बॉनेट उघडलं, फ्यूज बॉक्सचं झाकण काढलं. आत एक लाल प्लास्टिकची टोपी असते, ती उचलली की खाली बूस्ट (बाहेरून तात्पुरती वीज) द्यायचं टर्मिनल. लाल प्रोब तिथे, काळा प्रोब इंजिनजवळच्या उघड्या बोल्टवर. मीटर ९.४ व्होल्ट दाखवत होता. भरलेली बॅटरी १२.६च्या वर असते, १२.२ला निम्मी उरते. आणखी पुरावा काय हवा? घरात जेवणाच्या डब्याएवढा लिथियम जंप पॅक होता, तो लावला, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं, आणि हिरवं ‘रेडी’. मोठी बॅटरी ठणठणीत होती. भाऊजी म्हणाले, “आत्ता झाली चालू. बघू किती दिवस टिकते ते.” टिकली. अजून तीच आहे.

कारण सोपं आहे. प्रियसमध्ये वेगळा स्टार्टर नसतो, मोठ्या बॅटरीच्या जोरावर मोटर-जनरेटरच इंजिन फिरवतो. छोटीचं काम फक्त कॉम्प्युटर जागे करायचे आणि मोठीचे रिले ओढायचे. गोदाम भरलेलं असतं, किल्ली तेवढी हरवलेली असते. काम एवढंसं, म्हणून कंपनीने ती दिलीय पण लहान, ४५ अँपिअर-तासांच्या आसपास. म्हणूनच तिला जागं करायला पिकअप ट्रक आडवा लावून जाड केबल टाकाव्या लागत नाहीत, छोटा पॅक पुरतो. (भाऊजींना हे आजही पटत नाही.)

आमची उतरली कशाने? दोन गोष्टींनी. एक, डॅशकॅम, जो गाडी बंद असतानाही चालू राहायचा. दुसरी, स्मार्ट किल्ली. घरातून गॅरेजमध्ये जायच्या दाराशेजारी हूक आहे, दुसरी किल्ली तिथे लटकत होती, गाडीपासून हातभर अंतरावर. किल्ली जवळ असली की गाडी नीट झोपतच नाही. आता ती वरच्या मजल्यावर असते.

तुम्ही महिनाभर जाताय, तर गॅरेजमध्ये प्लग असेल तर एजीएम (प्रियसच्या छोट्या बॅटरीचा प्रकार) सेटिंग असलेला छोटा चार्जर बॅटरीला लावून जा. प्लग नसेल तर निगेटिव्ह काढून जा. तुमची गाडी माझ्या गाडीच्याच पिढीतली असेल तर बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात, १० मिमीचा पाना लागतो. एकदा निगेटिव्ह काढली की डिकी विजेवर उघडणार नाही. आल्यावर लोखंडी किल्लीने दार उघडा, बॉनेटखालच्या टर्मिनलला पॅक लावा, डिकी उघडते. ब्लॉक हीटर लावाच, पण तो इंजिन गरम ठेवतो, या बॅटरीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

रोज पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवा, हा भाऊजींचा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईलच. ऐकू नका. थंड बॅटरी चार्ज घेते सावकाश, पाच मिनिटांत पोटात काय जाणार? शेजाऱ्याला किल्ली देणार असाल तर आठवड्यातून एकदा तासभर ‘रेडी’त ठेवायला सांगा. इंजिन मधूनच बंद पडेल, त्याने घाबरू नये. ‘रेडी’ असेपर्यंत मोठी बॅटरी छोटीला भरत राहते. ‘रेडी’ न करता रेडिओ ऐकत बसलं तर मात्र उतरणारच. आणि हे गाडी बाहेर काढून. बंद गॅरेजमध्ये नाही, कारण इंजिन आपलं आपण सुरू होतं आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

राहिली मोठी बॅटरी. थंडीत ती कमी ताकद देते, इंजिन जास्त चालतं, मायलेज पडतं, एवढंच. सीटजवळची तिची हवेची जाळी झाकू नका. प्रियस १९९७पासून रस्त्यावर आहे, ‘नवीन खूळ’ म्हणणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं. शिवाय कॅलगरीला भर जानेवारीत चिनूक वारा येऊन बर्फ वितळवून जातो, तिथल्या माणसाने एडमंटनला थंडी शिकवू नये.

आता जे आधी लिहायला हवं होतं ते. गाडी उघड्यावर असेल तर उतरलेली बॅटरी उणे १०-१५लाच गोठू शकते, भरलेली उणे ५०लाही नाही. अंग फुगलेलं दिसलं तर बूस्ट देऊ नका, चार्जरही लावू नका. लाल-काळं उलटं लावलंत तर इन्व्हर्टरपर्यंत (मोठ्या बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागापर्यंत) नुकसान जातं, त्यावेळी मात्र खरंच हजारो डॉलर. हायब्रिडवरून दुसऱ्याच्या गाडीला बूस्ट देऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. २०१६ ते २०२२च्या प्रियसमध्ये छोटी बॅटरी बॉनेटखाली असते. किया निरो आणि ह्युंदाई आयोनिकच्या काही हायब्रिड गाड्यांचा प्रकार वेगळाच, त्यांत १२ व्होल्टची बॅटरीही लिथियमची, ती उतरली की डॅशबोर्डवरचं रीसेटचं बटण दाबायचं असतं. तुमच्या प्रियसचं साल कळलं तर डिकी की बॉनेट, ते सांगते.