पू आणि पु एका घरात राहत नाहीत

नागपूर

प्रिय कोडेकार,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शब्दकोड्याची ९ बाय ९ची जाळी एकेक घर करून तपासली. विषय आपलं गाव घेतलास, हे फार आवडलं. मात्र आडव्या ‘नागपूर’च्या तिसऱ्या घरातून तू उभं ‘पुस्तक’ सोडलं आहेस, आणि तिथेच जाळी फसली. मराठी कोड्यात एका घरात काना, मात्रा, वेलांटी, उकारासकट आख्खं अक्षर बसतं. ‘नागपूर’मधला पू दीर्घ, ‘पुस्तक’मधला पु ऱ्हस्व. ‘पुस्तक’ काढून ‘पूरक’ घाल. खालचा ‘क’ जागेवरच राहतो आणि मधल्या अवघड ‘स्त’ऐवजी सोपा ‘र’ मिळतो. ‘पुस्तक’च हवं असेल तर आडवा शब्द ‘नागपुरी’ कर, पण मग शेवटच्या ‘र’चा ‘री’ होईल, म्हणजे तिथून खाली जाणारा शब्दही बदलावा लागेल. वीट-विटा, फूल-फुले या जोड्यांतही हाच फरक आहे. ‘गुण’, ‘मधुर’ यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र ऱ्हस्वच राहतात, म्हणून अंदाजाने लिहू नकोस, दरवेळी शुद्धलेखनाचा कोश उघड.

जोडाक्षर शक्यतो अशा घरात ठेव जिथून दुसरा शब्द जात नाही. ‘तर्री’ (पोह्यांवरचा तिखट रस्सा) दोन घरांची: त, र्री. ‘र्री’ला उभा शब्द मिळणं जवळपास अशक्य, म्हणून त्याच्या वर-खाली काळी घरं हवीत. ‘त’ मात्र सोप्या उभ्या शब्दाने बांधूनच घे. नाहीतर तुझा ‘पोह्यांवर ओततात (२)’ हा क्लू वाचून कोल्हापूरचा माणूस ‘कट’ लिहील आणि तोही दोन घरांत चपखल बसेल. ‘सीताबर्डी’ चार घरांची, ‘वऱ्हाडी’ तीन घरांचं. रफार पुढच्या अक्षरावर जातो, त्याला वेगळं घर नाही.

आणखी एक अडचण तुझ्या पहिल्याच ओळीत आहे. ‘कमळ’ वर ठेवलंस, पण ‘ळ’ने किंवा ‘ण’ने सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही. त्या ‘ळ’खाली काळं घर दे, नाहीतर शब्द खालच्या ओळीत ने.

न्यूयॉर्कमध्ये २१ डिसेंबर १९१३ला पहिलं इंग्रजी कोडं छापून आलं, त्या भाषेत अक्षरं २६च. आपल्याकडे ‘म’चीच बाराखडी होते. ‘रामटेक’च्या ‘म’मधून ‘महाल’ खाली उतरतो, ‘मारबत’ उतरत नाही. त्यामुळे इंग्रजी जाळीतली काळ्या घरांची कंजुषी इथे चालत नाही. ८१ घरांत २० ते २५ काळी घरं खुशाल ठेव. जाळी उलटी फिरवली तरी मांडणी सारखीच दिसायला हवी: दुसऱ्या ओळीतलं तिसरं घर काळं तर आठव्या ओळीतलं सातवंही काळं. ९च्या जाळीत अशा जोडीच्या ओळींची बेरीज १० येते, रकान्यांचीही १०. नागपूरचे तीन-चार लांब शब्द आधी बसव. दोन घरांचे शब्द सगळ्यात शेवटी.

क्लूंमध्ये तुझा हात चांगला आहे. ‘राजवाडा, नागपुरातली जुनी वस्ती (३)’ हा ‘महाल’साठी झकास. ‘नदी उलटली आणि गरीब झाली (२)’, उत्तर ‘दीन’, हाही तसाच. पण ‘कमळ विस्कटले की लेखणी’ चुकला: ‘कलम’मध्ये ‘ळ’ नाही. ‘कमल’ लिही. क्लू एकवचनी तर उत्तरही एकवचनी, क्रियापद विचारलंस तर उत्तर क्रियापदच.

पाठवण्याआधी जाळी दोघांकडून सोडवून घे: एक इथला, एक विदर्भाबाहेरचा. बाहेरचा जिथे अडेल तिथे बहुधा दोन स्थानिक नावं एकमेकांना छेदत असतात. त्यातलं एक हलव.

तयार कोडं व्हॉट्सॲपवर चित्र किंवा पीडीएफ करूनच टाक. नुसता मजकूर पाठवला तर समोरच्या फोनवर घरं सरकतात. अक्षरं मोजायचं काम संगणकावर सोडू नकोस: ‘संत्री’ दोन घरांची, पण तो सहा मोजतो. कागदावर छापताना घर १२ मिलिमीटरचं ठेव. त्याहून लहान घरात वेलांटी कोपऱ्यातल्या आकड्यावर चढते. उत्तर दुसऱ्या दिवशी, वेगळ्या चित्रात.

‘पूरक’ घातलेली जाळी आणि ‘तर्री’चा नवा कोपरा आधी पाठव. बाकीचे क्लू त्यानंतर बघू.

तुझा,
काका